शेजाऱ्याला विचार

(सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ त्यांच्या विद्यार्थ्यांनी जळगावात चालवलेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यान. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



या व्याख्यानमालेत आजवर जे बोलून गेले ते एक तर प्राध्यापक, नाही तर लेखक. मी दोन्हीपैकी कुणी नाही. १९८० साली मराठी विषय घेऊन बी.ए. झालो आणि पुढची अडतीस वर्षं बँकेत काढली. लेजर, पीककर्ज, ऑडिट. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, अहो, मी बोलू कशावर? ते म्हणाले, तुम्ही सरांचे विद्यार्थी होतात ना, मग त्यावरच बोला.

बोलायचं म्हणून आठवायला बसलो आणि पंचाईत झाली. सरांनी त्या तीन वर्षांत स्वतः फार थोडं सांगितलं होतं. कवितेचं जे काही पदरात पडलं ते बाकावर शेजारी बसणाऱ्यांकडून. म्हणून आजचा हा पाऊण तास मी त्यांच्यासाठी वापरणार आहे. ‘सरांनाही हेच आवडलं असतं’ असं अशा प्रसंगी म्हणायची पद्धत आहे. मला तशी खात्री नाही. स्वतःबद्दल चांगलं ऐकायला सरांना आवडायचं.

आमच्या वर्गात आम्ही तेवीस जण. त्यात नऊ पाटील, पाच चौधरी आणि तीन महाजन. हजेरी घेताना घोटाळा व्हायचा, म्हणून सरांनी पहिल्याच आठवड्यात आडनावं रद्द केली. ‘धरणगाव?’ ‘हजर.’ ‘भुसावळ?’ ‘हजर सर.’ ‘भालोद?’ दाराजवळच्या बाकावरून हळूच हात वर व्हायचा. मी ‘एरंडोल’. वडील तिथं तालुका कचेरीत कारकून होते, मूळ आम्ही नाशिककडचे. आज मी माझ्या सोबत्यांना त्याच गावांच्या नावांनी हाक मारणार आहे. त्यांची परवानगी मी घेतलेली नाही आणि दोघांची आता घेताही येणार नाही.

सरांची रीत अशी. एकानं उठून कविता मोठ्यानं वाचायची. सर खुर्ची सोडून शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे. वाचून झालं की विचारायचे, ‘काय कळलं नाही?’ काय कळलं, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. आपण एखादा शब्द सांगायचा, एखादी ओळ सांगायची. की सर म्हणणार, ‘शेजाऱ्याला विचार.’ शेजाऱ्याला आलं नाही तर त्याच्या शेजाऱ्याला. असा तो प्रश्न बाकाबाकांवरून फिरत जाऊन पलीकडच्या भिंतीला लागला, तरच सर तोंड उघडायचे.

आम्हाला हा कामचुकारपणा वाटायचा. बाहेर गाइडं मिळत होती. त्यांत संदर्भासह स्पष्टीकरण तयार, रसग्रहण तयार, कवीला काय म्हणायचं आहे तेही तयार. आमच्यातल्या एकानं तर, ‘हे तयारी करून येत नाहीत,’ अशी वर तक्रार केली. तो कोण, ते मी सांगत नाही. एरंडोलचा होता एवढं सांगतो.

आता घरोटाची गोष्ट. पहिल्या वर्षाचा दुसरा महिना असेल. सरांनी बहिणाबाईंचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि मी उभा राहून वाचायला लागलो. दोन-चार ओळी होतात तोच ‘घरोट’ या शब्दाशी अडलो. अर्थही कळेना आणि तो म्हणायचा कसा तेही कळेना. सर म्हणाले, ‘भालोदला विचार.’ मुलामुलींनी एकमेकांना नोटसुद्धा तिसऱ्याच्या हातानं द्यायची, असा तो काळ. मी मान खाली घालून विचारलं. आणि ती, वर्षभरात बोलणार नाही असं आम्ही धरून चाललेली मुलगी, बसल्या जागेवरून म्हणाली, ‘त्याले आम्ही घरोट म्हनतो. तुमचं जातं.’

वर्ग हसला. तिच्या ‘ले’ला हसला. अर्ध्या वर्गाच्या घरी तेच ‘ले’ बोललं जात होतं, आणि हसण्यात तीच मंडळी पुढे होती. सर हसले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, ‘दळताना गाणं कसं म्हणतात?’ ती आधी गप्प. मग उठली आणि हातानं दाखवायला लागली. खुंट्याला दोघींचे हात. समोरासमोर बसायचं. एकीनं मूठभर दाणे घरोटाच्या तोंडात घालायचे, दोन फेरे झाले की दुसरी मूठ. जोर लावताना दम धरायचा आणि फेरा सैल झाला की सोडायचा. ‘म्हनून ओळ तेवढीच राहते सर. लांब केली तर दम पुरत नाही.’ छंद म्हणजे काय हे मला तोवर मात्रा मोजून माहीत होतं. ते दमाशी, दंडाशी आणि ज्वारीच्या मुठीशी बांधलेलं असतं, हे त्या दिवशी कळलं. शेवटच्या बाकावर सर खिशातल्या डायरीत काहीतरी लिहून घेत होते. सरांना वर्गात लिहून घेताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बहिणाबाई आमच्या इथल्याच, जळगावजवळच्या आसोद्याच्या. १८८० सालचा जन्म, १९५१ साली गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं जमेल तशी उतरवून घेतली. अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपानं आली १९५२ साली, बाई गेल्यावर. हे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्यातली एक हकीकत मात्र मला पुन्हा सांगावीशी वाटते. सोपानदेवांनी शाळेच्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी आईनं त्या गोष्टीचं गाणं करून ऐकवलं, असं सांगतात. पोराचा धडा आईनं असा ऐकला, की त्या घरात तो एकटा शिकत नव्हता. माझ्या लेखी बहिणाबाई ही सोपानदेवांची वर्गसोबतीण. ज्या बाईनं शाळेची पायरी पाहिली नाही, तिचं नाव २०१८ साली आपल्या विद्यापीठाला दिलं गेलं, याचा आनंद आहेच. पण त्यांच्या घरी भरलेल्या त्या दोघांच्या वर्गाचा मला जास्त हेवा वाटतो.

धरणगावचा आमचा मित्र बालकवींवर असा हक्क सांगायचा, की जणू तो त्यांचा सख्खा काका. त्र्यंबक बापूजी ठोंबरे धरणगावात जन्मले, १८९० साली, आणि याच जळगावात १९०७ च्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ म्हणायला लागले. त्या वेळी ते सतरा वर्षांचेसुद्धा पुरते नसतील. धरणगावकर सुरत लाइनच्या गाडीनं अप-डाऊन करायचा आणि गाडी उशिरा आली की निर्झर, फुलराणी, जे सुचेल ते म्हणत वर्गात शिरायचा, म्हणजे सर उशीर विसरत. आवाज चांगला होता. समज, माझ्या मते, बेताची. निसर्ग म्हटलं की डोळे मिटायचे, एवढीच त्याची कल्पना.

दुसऱ्या वर्षी भुसावळकराच्या बहिणीचं लग्न होतं. सगळा वर्ग सरांसकट पॅसेंजरनं निघाला. जळगाव आणि भुसावळ यांच्यामध्ये एकच स्टेशन, भादली. सिग्नल मिळेना, गाडी तिथं अर्धा तास उभी. मे महिना, डबा तापलेला, पोरं खिडकीतून फुटाणे घेताहेत. धरणगावकरानं नेहमीप्रमाणे सुरुवात केली. फूल, झरा, पाखरं. दोन कडवी झाली असतील. सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, ‘इथंच गेला तो. रेल्वेखाली. ५ मे १९१८.’ धरणगावकर थांबला. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही, परीक्षेत त्यानं ते लिहिलंही होतं. पण भादली म्हणजे ही भादली, हा फलाट आणि हे रूळ, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. कुणीतरी विचारलं, ‘सर, वय काय हो होतं?’ सर म्हणाले, ‘सत्तावीस.’ आम्ही सगळे विशीच्या आतबाहेर. मागच्या बाकड्यावरून आवाज आला, ‘म्हणजे आपल्याकडे अजून सात वर्षं आहेत.’ कुणी हसलं नाही.

त्या दिवसानंतर धरणगावकर बालकवी वेगळे म्हणायला लागला. उदास कविता आधी त्याच्या तोंडी नसायच्या, त्या आल्या. गळा तोच होता, पण डोळे उघडे राहायचे. आज मी बालकवींचं पुस्तक उघडलं तरी मला आवाज येतो तो त्याचा, आणि मागे उभ्या गाडीच्या वाफेचा.

भुसावळकराला कविता म्हणजे ब्राह्मणांचं आणि मास्तरांचं काम वाटायचं. वडील लोको शेडमध्ये फिटर. १९७४ च्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला, वीस दिवस चालला. त्या वीस दिवसांत वडील घरी झोपले नव्हते आणि आईनं दारावरची पाटी काढून ठेवली होती, एवढं त्यानं मला एकदा सांगितलं होतं. सरांनी त्याच्या हाती नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ दिलं. १९६६ चा संग्रह. सर एवढंच म्हणाले, ‘वाच. हा माणूस म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिपाई होता, मग मास्तर झाला.’ आमच्या वर्गात कविता वाचायचा एक ठरलेला सूर होता. थोडा नाकातला, ओळीच्या शेवटी हेल. हा उभा राहिला आणि पाळी बदलताना एक कामगार दुसऱ्याला काम समजावून देतो तसं वाचत गेला. सूर नाही, हेल नाही. मध्येच थांबून म्हणाला, ‘सर, हे तर बोलणंच आहे.’ सर म्हणाले, ‘शेजाऱ्याला विचार, बोलणं आहे का.’ शेजारी मी. मला उत्तर आलं नाही. आजही मी ते नेमकं देऊ शकणार नाही. पण मुक्तछंदावर नंतर जे काही वाचलं, ते सगळं मी त्या आवाजाशी ताडून पाहत आलो आहे. ज्या मुक्तछंदाला तो आवाज लागत नाही, तो मला गद्याचे तुकडे पाडल्यासारखा वाटतो.

‘कोसला’ आम्ही तिघांनी मिळून वाचली, तीही अक्षरशः मिळून. ग्रंथालयातल्या एकुलत्या एक प्रतीची शिवण उसवलेली होती. तिघांनी तिचे तीन भाग केले आणि आठवड्याला बदलायचे ठरवले. माझ्या वाट्याला पहिल्यांदा मधला आला. त्यामुळे नायक सांगवीकर मला भेटला तो थेट पुण्याच्या होस्टेलवर, खेडं मागे टाकून आलेला. त्याचं खेडं मी शेवटी वाचलं. १९६३ साली ही कादंबरी आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि आमच्याच जिल्ह्यातल्या सांगवीचे. कादंबरी मी नंतर सरळ क्रमानं दोनदा वाचली. खरं सांगू? मला ती मधूनच आवडते. ग्रंथपालांनी दंड केला, तोही तिघांत वाटून घेतला.

मराठी कवितेच्या इतिहासाकडेही जरा या बाकावरच्या शेजाऱ्यांच्या नजरेनं पाहा. केशवसुत १९०५ साली गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. कविता पुस्तकात आल्या त्या हरि नारायण आपट्यांमुळे. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघालं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई आणि श्री. बा. रानडे ही मंडळी एकमेकांना कविता ऐकवत होती, चहा घेत होती. दोन वर्षांत अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ काढून त्यांची यथेच्छ टिंगल केली. ती टिंगलही मला वर्गातलीच वाटते. मागच्या बाकावरच्यानं पुढच्या बाकावरच्याची केलेली. आपण मात्र इतिहास लिहिताना एकेका कवीला एकेक प्रकरण देतो. कोण कुणाच्या शेजारी बसत होतं, कुणी कुणाला आधी ऐकवलं, हे तळटीपेत जातं.

मर्ढेकरांच्या वेळी मात्र प्रश्न भिंतीला लागला. मर्ढेकर फैजपूरला जन्मले हे कळल्यावर वर्गात थोडी कुजबुज झाली. फैजपूर आम्हाला ठाऊक होतं ते १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे आणि केळीमुळे. सरांनी सांगितलं, की ‘काही कविता’ १९४७ साली आल्यावर त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. यावर मागच्या बाकांना फारच उत्साह आला आणि अश्लील कविता कोणती, ती आधी घ्या, अशी मागणी झाली. सरांनी पिपातल्या उंदरांची घेतली. वाचून संपली. ‘काय कळलं नाही?’ सगळंच. प्रश्न निघाला. धरणगाव, चोपडा, पारोळा, एरंडोल, भुसावळ. सावद्याच्या घरी तेलाचा घाणा होता. तो म्हणाला, ‘आमच्याकडे पिंपात उंदीर पडतो सर, तेल काढून टाकावं लागतं.’ पुन्हा हशा. सरांनी विचारलं, ‘मेलेला कसा दिसतो?’ तो जरा थांबून म्हणाला, ‘डोळे उघडे असतात. बाहेर यायची धडपड केलेली कळते.’ वर्ग गप्प झाला. मग प्रश्न पुढे सरकला आणि भिंतीला लागला. आता सर बोलतील म्हणून आम्ही पेन उघडून बसलो. सर म्हणाले, ‘मलाही पुरती कळलेली नाही. सावद्यानं सांगितलं त्याच्यापुढे मी अजून गेलेलो नाही.’ आणि तास संपवला. त्या वेळी मी फार चिडलो होतो. तक्रारीची तारीख त्याच आठवड्यातली.

आता एक गोष्ट, जी मी सरांना कधी सांगितली नाही.

तिसऱ्या वर्षी मी आमच्या वार्षिकांकाचा विद्यार्थी-संपादक झालो. भालोदनं एक कविता दिली. वहीच्या पानावर, निळ्या शाईत, पानाच्या दोन्ही अंगांना लिहिलेली. केळी कापणीच्या दिवसाची कविता. पहाटे बागेत माणसं येतात, घड उतरवतात, खोडाचा चीक अंगावरच्या लुगड्याला लागतो आणि त्याचा काळा डाग कधीच निघत नाही. आई तेच लुगडं नेसून पुढच्या वर्षी पुन्हा बागेत जाते. एवढंच. मला ती आवडली होती. आणि आवडली म्हणूनच मी ती ‘नीट’ करायला घेतली. ‘मायले’ होतं तिथं ‘आईला’ केलं. ‘इचारलं’चं ‘विचारलं’. ‘लुगड्याले’चं ‘लुगड्याला’. एका जागी तिनं मुद्दाम ओळ तोडली होती, ती मी जोडून टाकली. लाल शाईनं पान भरून गेलं. बहिणाबाईंचं घरोट याच वर्गात, याच मुलीच्या तोंडून ऐकलेला मी.

अंक छापून आला. ती आली, अंक उघडून उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाली, ‘चांगली झाली आहे.’ प्रमाण मराठीत म्हणाली. त्यानंतर तिनं काही दिलं नाही. शेवटच्या परीक्षेच्या आधी तिचं लग्न झालं. परीक्षेला मात्र आली, हळदीच्या हातांनी पेपर लिहिले. मूळ पान मी प्रेसला दिलेल्या कागदांत होतं आणि ते कागद प्रेसमधून कधीच परत आले नाहीत.

पंधरा-एक वर्षांनी मी एका शाखेत पीककर्जाच्या टेबलावर होतो. केळीचे शेतकरी नवराबायको आले. मी मान वर न करता फॉर्म भरत होतो. गावाच्या रकान्यात त्यांनी बोलीत सांगितलेलं नाव मी सरकारी वळणानं लिहिलं. समोरून आवाज आला, ‘काय भाऊ, अजून ‘ले’चं ‘ला’ करतात का तुम्ही?’

ती हसत होती. तिचे यजमानही हसले, त्यांना ही गोष्ट घरात ऐकून ठाऊक होती. म्हणजे ती सांगत आली होती, विसरलेली नव्हती. मी चहा मागवला. कविता लिहिता का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं आणि मी कर्जाची मुदत सांगितली. जाताना ती म्हणाली, ‘सरांले भेटले तर सांगजा, घरोट अजून आहे घरी. दळत नाही कोनी, पन आहे.’ मी सरांना तो निरोप दिला. बाकीचं सांगितलं नाही.

सर गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी मला ती खिशातली डायरी दाखवली. आमच्या वर्षाच्या पानांवर सरांची स्वतःची वाक्यं फार थोडी आहेत. ‘भालोद : दम पुरत नाही.’ ‘भुसावळ : हे तर बोलणंच आहे.’ ‘सावदा : डोळे उघडे असतात.’ एरंडोलच्या नावापुढे तीन वर्षांत एकच नोंद आहे. ‘वाचन स्वच्छ.’

१९७९-८० चा तो वार्षिकांक तुमच्यापैकी काहींच्या घरी अजून असेल. या वाचनालयातही एक प्रत आहे, मी परवाच खात्री करून घेतली. भालोदची कविता मुलींच्या विभागात आहे, पान उजवीकडचं, खाली केळीच्या पानाचं रेखाचित्र आहे. कधी हाती आला तर ती मोठ्यानं वाचा. आणि वाचताना जिथं जिथं ‘ला’ छापलंय, तिथं ‘ले’ म्हणा.